सालीतलं तेल

डोळे मिटा पाहू. समजा, तुम्ही जपानच्या डोंगरातल्या एका छपराखाली उभे आहात. मधोमध वाफेची भट्टी धुसफुसते आहे, आणि युझूच्या, म्हणजे तिथल्या आंबट लिंबाच्या, पिवळ्या सालींचा वास असा, की डोळ्यांत पाणी यावं. रस काढून उरलेली ही साल पूर्वी गावकरी टाकून देत. आता ती वाफवून तिच्यातलं सुगंधी तेल काढतात. पोतंभर सालीतून जेमतेम अर्धा कप. गडद बाटलीत, गारव्यात जपलं तर टिकतं.

पण एक जरी आंबलेलं पोतं भट्टीत गेलं, तर त्या खेपेचं सगळं तेल नासलं. म्हणून प्रत्येक पोतं आधी तोराओ आजोबा हुंगतात.

आज बारा पोती होती, तीही कालची. काल देवळात कागुराचा, म्हणजे देवापुढचा रात्रीचा नाच होता. सगळे लवकर पांगले, आणि साल रात्रभर बांधलेलीच राहिली.

“आटपा तोराओसान, वाफ चढलीय!” भट्टीपाशी उभ्या सेत्सुकोबाई ओरडल्या. “काल नाचताना गुडघे बरे चालत होते!”

“आणि तू बसल्या जागी घोरत होतीस!” आजोबा पोत्यावर वाकले. “ठीक.”

चार पोती रिकामी झाली. पाचव्याची गाठ त्यांच्या नातीनं, चिहायानं सोडली. भपकन वास आला, विसरलेल्या लोणच्याच्या पिंपासारखा.

आजोबांनी दीर्घ श्वास घेतला. “ठीक.”

चिहाया त्यांच्याकडे बघतच राहिली. सकाळी शेगडीवर मासा करपत होता, तेव्हाही आजोबा शेजारीच शांतपणे पेपर वाचत होते. सेत्सुकोबाईंसमोर बोललं, तर आजोबांचं काय राहील? आणि नाही बोललं तर?

भट्टीच्या वाफेनं नाक बधिरलेल्या सेत्सुकोबाईंनी पोतं उचललं.

“थांबा! आजोबा… हे आंबलंय.”

“अगं, तीस वर्षांचं नाक आहे ते! तुझं अजून वाहतंय,” सेत्सुकोबाई हसल्या.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी हातमोजा काढला आणि कोपरापर्यंत हात पोत्यात खुपसला. आंबलेली साल आतून तापते. हात बाहेर आला तेव्हा त्यावरून थंड हवेत वाफ निघत होती.

“खाली ठेव, सेत्सुको. माझं नाक गेलंय. वसंतात ताप आला होता ना, तेव्हापासून. सांगायला जीभ रेटली नाही.”

“आणि आधीची चार?” सेत्सुकोबाईंनी हळूच विचारलं.

“ती मी हुंगली होती. चांगली होती,” चिहाया म्हणाली.

सेत्सुकोबाईंनी ते पोतं बाहेर नेऊन ओतलं. परत आल्या आणि नेहमीच्याच आवाजात खेकसल्या, “मग बघत काय बसलात दोघं? वाफ थांबणारे का तुमच्यासाठी?”

चिहायानं सहावं पोतं ओढलं. गाठ सोडली, नाक आत घातलं. मग ती जराशी बाजूला सरकली, आजोबांचा हात आत जाईल एवढी.