डुलाबाईनं विणलेली चादर

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सोलापूरच्या भवानी पेठेत आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण गेल्या जानेवारीत आमच्या मांजरीनं स्वतःची चादर स्वतः विणली. मी चाळीस वर्षं कारखान्यात जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला माग नुसता कान लावून ओळखायचो. तेव्हा विणकामातलं मला कुणी शिकवू नये.

मांजरीचं नाव डुलाबाई. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग तिचा जन्मापासूनच बारका. चालायला लागली की चार पाय चार दिशांना, डोकं पाचवीला. दुधाकडं निघायची आणि पोचायची न्हाणीत. पेठेनं लगेच निदान करून टाकलं. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं प्यायलीय. प्यायलीय म्हणणारा गृहस्थ स्वतः रोज भिंत धरून घरी येतो, पण त्याला कुणी पोत्यात घालून गावाबाहेर सोडत नाही. जनावरांच्या डॉक्टर उत्कर्षा मॅडमनी मात्र दोन मिनिटांत सांगितलं, "तिला दुखत काही नाही. हे बरं होणार नाही आणि वाढणारही नाही. ऊब द्या, पाय घसरणार नाहीत असं काहीतरी खाली घाला, आणि उंचावरून पडू देऊ नका." बस्स. पेठेतल्या धडधाकट माणसांच्या मागण्या याच्या दसपट असतात.

आता सोलापूर म्हणजे उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत पोचवायला येतं असं गाव. पण त्या महिन्यात गारठा असा पडला, की सकाळी खाल्लेली शेंगाचटणी तिखट लागायला दुपार व्हायची. बाकीची मांजरं हुशार. एक रिक्षाच्या गरम इंजिनावर, एक फ्रिजच्या डोक्यावर, एक पतसंस्थेच्या चेअरमनच्या मांडीवर. ज्याला वर चढता येतं त्याची सोय होतेच. डुलाबाईच्या वाट्याला शहाबादी फरशी. वेटोळं करून झोपायलाही तोल लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती पाय पोटाशी घ्यायला जायची आणि कलंडायची. सकाळी हात लावला तर कान गारठलेले.

मी आंब्याच्या खोक्याची एक कड कापून बुटकी केली, तळाला गोणपाट ठोकलं, बाटलीत गरम पाणी भरून ती माझ्या पायमोज्यात घातली. वर टॉवेल अंथरला, तर तिच्या लाथांनी त्याचा बोळा व्हायचा आणि ही पुन्हा गोणपाटावर. तिला हवं होतं जाडजूड, वजनदार, जागचं न हलणारं. असं घरात एकच होतं. कारखाना बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी मागावरून उतरवलेली शेवटची चादर, मोरांची. आमच्या शकुंतलेनं, म्हणजे सौभाग्यवतीनं, ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जावयासाठी राखून ठेवली होती. जावई पहिल्यांदाच संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेला येणार होता.

भोगीच्या सकाळी शकुंतलेनं ट्रंक उघडली आणि तिच्या हाती निम्मीच चादर आली.

अंगणात चूल पेटलेली, शेजारी उबेला डुलाबाईचं खोकं. ती डाव्या हातानं तिळाची भाकरी थापत होती. ती सगळंच डाव्या हातानं करते, मला दारही डाव्याच हातानं दाखवते. शेजारच्या काशम्मा पावटे सोलत बसलेल्या. आणि शकुंतलेचा भाऊ शहाजी सांगोल्याहून मोटारसायकलवर आलेला. बरोबर तीळगूळ नाही, रिकामं पोतं.

"अहो, उरलेली निम्मी कुठंय?"

"खोक्यात. तिच्या अंगाखाली."

"मग ठरलं. जावई यायच्या आत मांजर सांगोल्याला."

"दाजी, तुमी भिऊ नका," शहाजी म्हणाला. "आमच्या गोठ्यात पन्नास शेरडं हायती. लई ऊब असती. मजेत ऱ्हाईल की!"

पन्नास शेरडं म्हणजे दोनशे खुरं. सरळ चालणाऱ्याला ती चुकवता येतात. डुलाबाईनं पहिला दिवससुद्धा काढला नसता. मी घसा खाकरला.

"मी कापलेली नाही ती. तिनं विणलीय."

काशम्मांच्या हातातला पावटा तसाच राहिला.

"ट्रंक उघडी राहिली, ही आत पडली," मी म्हणालो. "बाहेर यायची धडपड सुरू. डावा पाय वर, उजवा खाली, अगदी मागाच्या पायाखालच्या पावड्यांसारखे. डोकं इकडून तिकडं, तिकडून इकडं, जसा धोटा. दातात अडकलं सूत. निम्मी चादर उसवली आणि तेवढ्याच सुताची नवी विणून काढली. आम्ही एक दोरा तुटला की मालकाच्या सात पिढ्या काढायचो. हिनं चकार शब्द काढला नाही."

"आन् मोर?" शहाजीनं विचारलं.

"मोरपण विणले. नीट बघ, जरा डुलतायत."

शहाजी खरंच खोक्यावर वाकला. "व्हय की ओ!"

मला जोर चढला. "पहिले दोन दिवस कडेचे दोरे सुटायचे. नखं अडकायची आणि ही खोक्यासकट अंगणभर फिरायची. तिसऱ्या दिवसापासून आज दहा दिवस झाले, एक दोरा सुटला असेल तर शपथ. माझं विणकामच तसं... तिचं. तिचं विणकाम."

शकुंतलेनं भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "शहाजी, पोतं धर."

शहाजीनं डुलाबाईला उचललं. तिनं चारी पायांची नखं चादरीत रोवलेली, त्यामुळे चादरही बरोबर वर आली. काशम्मांनी लोंबणारा कोपरा पकडला, चष्मा नाकावर चढवला आणि कडेवरून अंगठा फिरवला. तीस वर्षं टॉवेलच्या गोदामात हातानं काठ शिवलेली बाई.

"जॉबर, मांजरीनं विणली. बरं. कडेला दुमड घालून टाका कुणी मारला?"

टाका? मी पहिल्यांदाच नीट बघितलं. दोरे सुटायचे का थांबले ते तेव्हा कळलं. पण माघार घ्यायची सवय नाही.

"तिनंच."

"डाव्या हातानं?" काशम्मांनी कोपरा सगळ्यांपुढं धरला. "उजव्या हाताचा टाका उजवीकडनं डावीकडं जातो. ह्यो उलटा चाललाय. तीस वर्षं माझ्या मांडीशेजारी बसून असला टाका घालणारी अख्ख्या गोदामात एकच होती. जॉबर, वाकडी कात्री तुमची, ती तर आंधळ्यालापण दिसंल. पण शकू, दहा दिस झाले तू ही कड शिवून गप बसलीस, न् आज भावाला पोतं घेऊन बोलावतीस? खोटारडे दोघंबी! ह्या घरात खोटं न बोलणारी एक मांजर हाय, न् तिलाच बाहेर काढताय व्हय?"