फुगवट्यापलीकडचे बाबा

पोरीने जहाजाच्या सुकाणूखोलीबाहेर, कठड्याशी रंगाचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर चढली आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

"अजून डोलकाठीच?" सुकाणूवाल्या काकांनी आतून विचारलं.

"डोलकाठी आणि धुराड्याचं टोक."

"मग आणखी एक डबा आणू का?"

एरवी ती खुदकन हसली असती.

उजवीकडे क्षितिजावरच्या त्या डोलकाठीखाली कुठेतरी बाबा होते, त्या मालवाहू जहाजाचे मुख्य इंजिनिअर. आई या जहाजावर सेकंड ऑफिसर. दुपारची पाळी तिची. आजवर एक जण जहाजावरून उतरला की दुसरा चढायचा, म्हणजे पोरीजवळ कायम कुणीतरी असायचं. आईबाबांची एकमेकांशी भेट मात्र दारातल्या बॅगांपाशी, तेवढीच. मागच्या खेपेला तिथेच कडाक्याचं भांडण झालं. आता एकाने समुद्र सोडायचा, पण कोणी? तेव्हापासून आईला सांग, बाबांना विचार, असं सगळं पोरीमार्फत चाले. आपण घरातला पोस्टमन झालोय, असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगायची. ऐट खोटी होती.

यंदा सुट्टीत ती आईबरोबर जहाजावर आली आणि नकाशावर तिला दिसलं, आज दोन्ही जहाजं एकमेकांच्या बऱ्यापैकी जवळून जाणार. तिने लगेच गणित मांडलं. पृथ्वी गोल, म्हणून मध्ये पाण्याचा फुगवटा. जितकं उंच उभं राहावं तितकं लांबचं दिसतं. तिने बाबांना कळवून टाकलं: मागच्या डेकवर कठड्याशी उभे राहा आणि दाढीच्या आरशाने आमच्याकडे कवडसा पाडा.

पण गणितात तिने स्वतःचीच उंची धरली. बाबा किती उंचावर असतील, हे डोक्यातच आलं नाही. शहाणीने त्यांना नेमकं सगळ्यांत खालच्या डेकवर उभं केलं होतं. सकाळपासून नेट बंद. रेडिओवर आई त्या जहाजाशी बोलली, ते फक्त कोण कुठल्या बाजूने जाणार एवढंच. घरगुती गप्पांसाठी नसतो तो, म्हणाली.

"आई, माझं चुकलं. ते तिथे उभे असतील आणि आपल्याला दिसणारच नाहीत."

आई रडारवर वाकलेली होती. काम असेल त्यांना, आलेही नसतील वर, असं काहीतरी पुटपुटली. मग सरळ झाली आणि समोर बघत राहिली.

"काका, उजवीकडे घ्या जरा. पुढे ओंडका तरंगतोय."

काकांनी पाहिलं. समोर नुसतं पाणी.

"बापरे, केवढा तो," ते म्हणाले आणि चाक फिरवलं. "चांगला लांबून वळसा घालावा लागणार, मॅडम."

आईने कॅप्टनलाही फोनवर तेच सांगितलं, अगदी सपाट आवाजात.

बराच वेळ काही घडेना. मग खालून कुणी उचलून धरावं तसं ते जहाज पाण्यातून वर येऊ लागलं. आख्खं धुराडं, खिडक्यांची रांग, शेवटी डेकची काळी रेघ. रेघेच्या मागच्या टोकाला एक ठिणगी चमकली. विझली. पुन्हा चमकली.

"आई, बाबा," पोर एवढंच म्हणाली आणि दोन्ही हात हलवू लागली.

आईने बाहेर येऊन तिच्या गळ्यातून दुर्बीण काढून घेतली. काच धुरकटलीय, पुसून देते, म्हणाली. पुसली काही नाही. तशीच डोळ्यांना लावली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

काकांनी आतून विचारलं, आता घेऊ का परत मूळ वाटेवर?

आईने दुर्बीण खाली केली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "अजून थोडं."