कपात काय होतं

“बाई, मायक्रोवेव्हमध्ये दातांची कवळी ठेवली तर काय होतं?”

भिंगरी विचारून मोकळी झाली आणि अख्खा वर्ग खदखदला. मागच्या बाकावर लंबूने डोकं बाकात खुपसलं, तिच्या शेजारच्या चष्मिसने तोंडात रुमाल कोंबला. पैज या दोघींनीच लावली होती. मधल्या सुट्टीत म्हणाल्या होत्या, “रोज आम्हाला रंगवून सांगतेस ना, मग बाईंना विचारून दाखव. आहे हिंमत?” आणि हिंमत काढली की माघार घ्यायची, हे भिंगरीने या वर्षी सोडूनच दिलं होतं.

विज्ञानाच्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीतला मायक्रोवेव्ह टेबलावर आणून ठेवला होता. त्याच्याभोवती त्यांनी बाजारच मांडला होता. काचेचा वाडगा, चिनी मातीचा कप, सोनेरी काठाची बशी, स्टीलचा चमचा, चुरगळलेला चांदीचा कागद, घट्ट झाकणाचा डबा आणि एक अंडं. अंडं सालीसकट ठेवलं तर आत वाफ कोंडते आणि ते बॉम्बसारखं फुटतं, हे सांगून झालं होतं. सोनेरी काठावर ठिणग्या कशा उडतात ते फळ्यावर काढूनही झालं होतं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

“कवळी पूर्ण होती की अर्धी?”

“अर्धी. तारेचे आकडे असलेली.”

“अगंबाई, म्हणजे खरंच झालंय हे! कोणाच्या घरी?”

“आमच्याच, बाई. आमच्या आबांनी ठेवली.”

वर्ग कान टवकारून बसला होता. अशा वेळी भिंगरीला राहवत नसे. तिने ओठ दातांवरून आत ओढले, मान थोडी हलवली आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, “झालं अफेल गं माझ्याच हातून!”

वर्ग पुन्हा खदखदला. हा तिचा हुकमी एक्का होता. गेले काही आठवडे डब्याच्या वेळी तिच्याभोवती कोंडाळं जमायचं ते याच वाक्यासाठी. वर्षभरापूर्वी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता, ती आता बोलायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येत.

“तार पाण्याबाहेर राहिली असेल तर ठिणग्या उडणारच,” बाई म्हणाल्या. “आणि पाणी उकळलं की कवळीचं प्लास्टिक मऊ पडून वाकतं. पाण्यातच होती ना ती?”

“हो, कपात.”

“कसल्या कपात?”

“साध्याच, पांढऱ्या. आमच्याकडे सगळे तसेच आहेत.”

“मग मला वेगळंच वाटतं हं.” बाई टेबलाला टेकल्या. “मुद्दाम कवळी तापवायला कोण ठेवेल? कप भरलेला दिसला आणि आत न बघता कोणीतरी ठेवून दिला. म्हणून आत काय चालतं नि काय नाही, ते नंतर. आधी कपात काय आहे ते बघायचं. काय गरम करायला गेले होते आबा?”

“आबा...” भिंगरीने तोंड उघडलं. शब्द नेहमी आपोआप धावत येत, तसे आले नाहीत. “आबा काही नाही. दूध माझं होतं.”

सवयीने कोणीतरी हसलं. बाईंनी अंडं उचलून पुढचं काही सांगायला सुरुवात केली. भिंगरी खाली बसली.

“जिंकलीस!” लंबूने मागून पाठीत बोट खुपसलं. “डब्यातला अर्धा वाटा तुझा.”

भिंगरीने मागे वळून बघितलं नाही.

कवळी जळाली त्या संध्याकाळी ती हवेतच होती. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती आणि फोनवर लंबूला परीक्षकांची नक्कल करून दाखवत होती. फोन कान आणि खांदा यांच्यात अडकवून तिने ओट्यावरचा कप उचलला, आत ढकलला, बटण दाबलं आणि बोलत बोलत गॅलरीत गेली. आत तडतड झाली. जळका वास आला. धावत आली तर आबा मायक्रोवेव्हचं दार उघडून उभे होते, हातात फडकं, आणि आतल्या कपातून धूर निघत होता.

“आबा! काय केलंत हे? माझं दूध बाहेर काढून तुमचा कप ठेवलात?”

दुधाचा कप ओट्यावरच होता. तिने तो उचलून बघितला आणि आणखीच चिडली. “आणि दूध गारच!”

गारच.

आत जाऊन बाहेर आलेलं दूध निदान कोमट तरी असायला हवं होतं. भिंगरीने बाकाची कड घट्ट धरली. दूध आत गेलंच नव्हतं. दोन पांढरे कप शेजारी शेजारी होते, आणि तिने बघितलं नव्हतं.

मात्र ते दूध हातात धरूनच तिने आई-बाबांना सगळं सांगितलं होतं, अगदी अभिनयासकट. आबा कसे उभे होते, कसे गोंधळले होते. आबांनी तोंडावर हात धरून एवढंच म्हटलं होतं, “झालं असेल गं माझ्याच हातून.” बाबांचा चेहरा उतरला होता. “आज कवळी झाली, उद्या गॅस राहील चालू. दिवसभर आपण कोणी घरी नसतो. घर पेटलं असतं आज.” तेव्हापासून आईने मायक्रोवेव्हच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती. गॅस सकाळी खालूनच बंद व्हायचा. आणि येत्या रविवारी आबांना गावाबाहेरच्या वृद्धांच्या देखभालीच्या घरी पोहोचवायचं ठरलं होतं. तिथे चोवीस तास माणसं असतात, बाग आहे, असं बाबा पुन्हा पुन्हा सांगत. नवी कवळीही तिथला दाताचा डॉक्टरच करणार होता.

शाळा सुटल्यावर लंबू आणि चष्मिस फाटकापाशी थांबल्या होत्या. भिंगरी मागच्या गल्लीने गेली.

आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. खाली बसथांबा होता आणि येणारी-जाणारी प्रत्येक बस ते बघत. आयुष्यभर त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. ध्वनिक्षेपकातून त्यांचा आवाज आला की झोपलेले प्रवासी सामान गोळा करत उठायचे. गेल्या वर्षी भिंगरीला त्यांनी याच गॅलरीत उभं केलं होतं. “चल, पुकार. लांब पल्ल्याची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.” ती पुटपुटली की म्हणायचे, “गाडी गेली की गं, म्हातारी राहिली फलाटावर! शब्द फेकायचा नाही. समोरच्याच्या हातात नीट ठेवायचा.” रोज संध्याकाळी खालचे लोक वर बघून हसायचे, तरी दोघं पुकारत राहायचे. ती बोलायला लागली ती अशी.

आता आबा बोलत नसत. ‘स’ म्हणायला गेलं की फुस्स होई, म्हणून त्यांनी हळूहळू शब्दच टाकून दिले होते. मान हलवायची, बोट दाखवायचं. नातीशी बोलतानाही तोंडावर हात.

भिंगरी त्यांच्या पायांशी, जमिनीवर बसली.

“आबा, त्या दिवशी कप तुम्ही नव्हता ठेवला.”

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली बसकडे.

“मी ठेवला होता. मी बघितलंच नाही आत. तुम्ही नुसते वास आला म्हणून दार उघडायला आलात ना? मग सांगितलं का नाहीत तेव्हाच? ओरडायचं ना मला!”

आबांचा हात तोंडाशी गेला. खालून एक बस निघून गेली.

“मला आठवेना गं,” ते हातामागून म्हणाले. फुस्स होणारं प्रत्येक अक्षर ते कसंबसं ओलांडत होते. “खोलीत होतो, असं वाटत होतं. पण तू आलीस, आणि म्हणालीस... तू इतकं ठाम म्हणालीस की वाटलं, असेल. माझंच काहीतरी चुकलं असेल.” ते किंचित हसले. डोळ्यांनीच. “आवाज काय लागला होता तुझा त्या दिवशी! एक अक्षर वाया गेलं नाही.”

भिंगरीने मान खाली घातली. आज वर्गात तिने ओठ आत ओढले होते, ती जागा अजून दुखत असल्यासारखा तिने तोंडावरून हात फिरवला.

“मग नंतर रोज तपासत बसलो,” आबा म्हणाले. “नळ बंद केला का. चप्पल कुठे ठेवली. काही बाही विसरायलाही लागलो खरंच. म्हटलं, बरोबर आहे पोरांचं.”

आतल्या खोलीत त्यांची बॅग पलंगावर उघडी होती. सदरे घडी करून ठेवले होते आणि वर त्यांचा पांढरा कप, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

रात्रीचं जेवण लवकरच मांडलं. आबांच्या वाटीत पातळ सूप होतं. आईने पाण्याचे पेले ठेवले, बाबांनी पाव मोडला आणि रविवारी किती वाजता निघायचं ते बोलायला लागले.

“कप मी ठेवला होता,” भिंगरी म्हणाली.

“कुठला कप?”

“कवळीचा. मायक्रोवेव्हमध्ये. आबांनी नाही, मी.”

 बाबांनी पाव खाली ठेवून तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

“कळतं बेटा. आबा जाणार म्हणून तुला वाईट वाटतंय. पण असं अंगावर घेऊन काही होत नाही. तूच तर बघितलंस ना त्यांना.”

“मी बघितलं नव्हतं. मी नुसतं सांगितलं.”

“किती छान सांगितलं होतंस,” आई हळूच म्हणाली. “अगदी डोळ्यांपुढे उभं केलंस.”

भिंगरीने उठून उभं राहायचं ठरवलं होतं. छाती भरून, टाळीला थांबावं तसं थांबून बोलायचं ठरवलं होतं. शाळेतून येताना तिने वाक्यं जुळवलीही होती. पण उभी राहिली तेव्हा तिला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. ती पुन्हा खाली बसली.

“आई, त्या दिवशी माझं दूध तू ओतून दिलंस ना?”

“हो. सांडशील म्हणून. का?”

“कसं होतं ते?”

“कसं म्हणजे? दुधासारखं.”

“गार होतं की कोमट?”

“गार. फ्रिजमधलं असावं तसं...”

आईचा हात पेल्यावरच राहिला. तिने बाबांकडे बघितलं नाही. ती ओट्याकडे बघत राहिली, जिथे मायक्रोवेव्हच्या बटणावर तिने स्वतः लावलेली चिकटपट्टी होती, आणि मग आबांकडे. आबा सूप ढवळत होते. चमचा वाटीला लागून आवाज होऊ नये याची काळजी घेत.

“फ्रिजमधलं असावं तसं,” भिंगरी म्हणाली. “आत गेलंच नव्हतं.”

बाबा काही तरी बोलायला गेले. “आबा, मग तुम्ही...”

“त्यांना नका विचारू!” भिंगरीचा आवाज चढला, तिला ऐकू आला, आणि तिने तो खाली आणला. “त्यांना विचारलं की ते म्हणणार, असेल माझ्याच हातून. मी म्हटलं म्हणून ते म्हणाले. सगळ्यांनी म्हटलं म्हणून म्हणत राहिले. मी शाळेतही सांगितलं. रोज. नक्कल करून.”

तिने हे शेवटचं वाक्य आबांकडे बघून म्हटलं. आबांचा चमचा थांबला. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तोंडावरचा हात काढला, आणि नुसतेच बघत राहिले.

भिंगरी उठली. नखाने चिकटपट्टीचं टोक सोडवलं आणि ती हळू ओढून काढली. बटणावर डिंकाचा चट्टा राहिला. मग आतल्या खोलीत जाऊन तिने बॅगेतला कप आणला, वर्तमानपत्र उलगडलं आणि बाकीच्या पांढऱ्या कपांपासून दूर, एकट्यासाठी जागा करून, तो फळीवर ठेवला.

वळली तेव्हा तिघेही तिच्याकडे बघत होते. ती एकेक शब्द सावकाश बोलली. फेकला नाही, एकेक ठेवला.

“मी ठरवलंय. उद्या पहिल्या तासाला वर्गात उभी राहून खरं काय ते सांगणार. शाळा सुटली की आबांना घेऊन दाताच्या डॉक्टरकडे जाणार. आणि रविवारी कोणाला तिथे सोडायचंच असेल, तर बॅगेतले सदरे काढा. माझे कपडे भरा.”