चादरीची चार टोकं

"उम्म गस्सान, मीठ घातलंस का, की नुसतीच मळतेयस?"

गच्चीच्या कठड्यापलीकडून शेजारच्या नुहादने विचारलं. गस्सानची आई म्हणून विदादला सगळे उम्म गस्सान म्हणत. विदादचे हात कोपरापर्यंत दह्यात भिजलेल्या दलियात होते.

"तुझी जीभ आधीच खारट आहे, मग मीठ कशाला वाया घालवू?"

नुहाद हसली. दर वर्षी नऊ दिवस रोज हाच प्रश्न आणि रोज नवं उत्तर, असं तीस वर्षं चाललं होतं. किश्क म्हणजे दही-दलियाचं हिवाळ्यासाठीचं वाळवण; नऊ दिवस मळायचं आणि दहाव्या दिवशी गच्चीवर चादर अंथरून हातांनी चोळत वाळवायचं. एकटीदुकटीचं हे काम नव्हे. पूर्वी चादरीभोवती सात बायका बसत आणि अख्ख्या आळीची उणीदुणी निघत. त्यातल्या दोघी वारल्या, तिघी मुलांकडे परदेशी गेल्या. उरल्या ह्या दोघी.

विदाद झहले शहरातल्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होती. नवरा गेला, नोकरी संपली, तेव्हापासून मॉन्ट्रियलहून मुलाने, गस्सानने, तिकडे राहायला ये असं टुमणं लावलं होतं. कागद तयार होते, त्याच्या घरातली खालची खोली रंगवून झाली होती. फक्त तिची सही हवी होती. विदाद काही हट्टी बाई नव्हती. गुडघे बोलत होते, वीज दिवसातून दोन तास येई, औषधं मिळतील तेव्हा मिळत. तिकडे नात होती, तिचा आवाज फक्त फोनवर ऐकू येई. सही करावी असं तिला कितीदा तरी वाटून गेलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळीच गस्सानचा फोन आला.

"आई, काय ठरलं? आज कळवायचंय व्हिसावाल्यांना."

"नुहादला एकटी टाकून कशी येऊ रे? सकाळची गोळी कुठली हेसुद्धा मी सांगते तिला."

"तिला मुलगी आहे, आई."

"मुलगी सिडनीत आणि ही इथं."

"संध्याकाळी पुन्हा करतो," गस्सान म्हणाला.

नुहाद चाळणी घेऊन वर आली. दोघी चादरीच्या दोन बाजूंना बसल्या. ऊन चढलं, तळहात चुरचुरू लागले, तरी नुहादने एकाही शेजारणीचं नाव काढलं नाही.

"आज तोंडाला कुलूप का गं?"

"लमीसनं सिडनीचा व्हिसा काढलाय माझा, लेकीचा हट्टच." नुहाद खाली बघूनच बोलली. "पुढच्या बुधवारी जातेय. दोन महिने झाले ठरून."

विदादचे हात थांबले. "दोन महिने! आणि रोज मेली मिठाचं विचारत होतीस!"

"तू थांब म्हणाली असतीस, तर मी थांबले असते. म्हणून नाही सांगितलं."

विदादला राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं. तिने नाक बाहीला पुसलं आणि पुन्हा चोळायला घेतलं. नुहाद घरी निघाली तेव्हा विदादने तिला एवढंच सांगितलं, "गोळ्यांचे डबे आणून दे. प्रत्येकावर लिहून ठेवते. आणि ह्यातलं अर्धं तुझं. तिकडे कोण देणार आहे तुला?"

ऊन उतरताना फोन वाजला. विदादने नुहादची बातमी सांगितली.

"मग आता अडचणच नाही, आई!" गस्सानच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

विदादने दुसरं कारण शोधून पाहिलं. गुडघे, थंडी, नवऱ्याची कबर, घर. कुठलंच खरं कारण नव्हतं.

"अडचण आधीही नव्हती, बाळा. मी नुहादला पुढं केलं. मला यायचं नाही. मला इथंच राहायचंय."

"एकटी?"

"हो. एकटी."

पलीकडे तो रडत होता हे तिला कळलं. तिने फोन ठेवला नाही; त्याचं रडणं संपेपर्यंत कानाशी धरून बसली.

दव पडायच्या आत चादर उचलायला हवी होती. दोन टोकं विदादची, दोन नुहादची, अशी वाटणी ठरलेलीच होती. कठड्यापलीकडे नुहाद बॅगेची चेन ओढत होती. एक हाक मारली असती तर धावत आली असती. बुधवार यायला अजून सहा दिवस होते. पण विदादला आजच एकटीनं करून पाहायचं होतं.

तिने दोन टोकं पाण्याच्या टाकीच्या नळाला घट्ट बांधली, उरलेली दोन मुठीत धरली आणि उचलली. किश्क सरसरत मधोमध जमा झाला. खाली सांडला नाही.