यादीतलं पहिलं नाव

"खरं सांगा, तुम्हाला चहा कोण पाजतं?"

थोरल्या सिस्टरनी दार लोटून घेत विचारलं. संगणकवाल्यानं समोरच्या कपाकडे पाहिलं. चहा त्याचा त्यानंच आणला होता. पण त्या नजरेपुढं त्यालाही खात्री वाटेना.

तीन वर्षं वॉर्डातल्या ड्यूट्या मशीन लावत होतं आणि तीन वर्षं रविवार थोरल्या सिस्टरच्याच वाट्याला येत होता. नवऱ्याची नोकरी परगावी. तो घरी यायचा तो रविवारीच. मागच्या खेपेला त्यानं दारात विचारलं होतं, "नवीन राहायला आलात का?" त्या हसल्या होत्या. हसू फाटकापर्यंत टिकलं.

"ताई, मशीनला वशिला कळत नाही. आपण फक्त अटी सांगायच्या, वाट ते शोधतं. अडलं की शेवटचा निर्णय मोडतं, दुसरा धरून बघतं. तरी अडलं, तर त्याच्या आधीचा मोडतं."

"मग माझ्यापर्यंत मागं का येत नाही? मी काय घोडं मारलंय त्याचं?"

"पहिला निर्णय सगळ्यात शेवटी मोडतो. पहिली जागा रविवारची, पहिलं नाव तुमचं. तिथवर यायच्या आतच सगळं जमून जातं."

"आणि ते नाव पहिलं घातलं कुणी?" चोर सापडल्याच्या सुरात सिस्टर म्हणाल्या.

त्यानं खणातून एक कागद काढला. ज्येष्ठतेनुसार पाच नावं. अक्षर थोरल्या सिस्टरचं. वरच्या नावाखाली दोन रेघाही त्यांच्याच.

सिस्टरनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"बदला."

"बदलतो. पण कुणीतरी पहिलं हवंच."

त्यांनी कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली. दुसरीला वर घातलं. तिचं बाळ अंगावर पितं. खोडलं. तिसरीची सासू अंथरुणाला खिळलेली, रविवारी बघायला कुणी नाही. खोडलं. चौथी कामचोर! तिचं नाव त्यांनी चवीनं लिहिलं. मग आठवलं, तिच्या मुलाला वसतिगृहात रविवारीच भेटता येतं. शिव्या घालत खोडलं. पाचवी कालची पोर; तिच्यावर वॉर्ड सोपवला तर पेशंटची खैर नाही.

शेवटी एकच नाव उरलं. खोडून खोडून पातळ झालेला कागद फाटू नये म्हणून ते त्यांनी अगदी हलक्या हातानं लिहिलं.

"ही तर जुनीच यादी!"

"नवीन आहे. तुमचा खोडरबर संपलाय."

त्या गेल्यावर संगणकवाल्यानं संशयानं कागद खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या ओळीपाशी त्यातून आरपार दिसत होतं.