स्वसंरक्षणाची बॅच

“सर, यादीत माझं नाव राहिलंय.”

सिल्व्हर पार्कमधल्या सोसायटी हॉलच्या दारावर चिकटवलेली यादी सुरुचीनं पुन्हा वाचली. आत काशीनाथ सर मुलांच्या रांगा लावत होते. दिवसा काशीमिऱ्याच्या एका गोदामात कारकुनी आणि संध्याकाळी कराटेचा क्लास, असं त्यांचं हे अकरावं वर्ष.

“राहिलं नाही. ती रविवारच्या स्पर्धेची यादी आहे, स्पर्धेच्या बॅचची. तू सेल्फ डिफेन्सची.”

“कोणी ठरवलं?”

“तुझ्या फॉर्मवरच आहे.”

त्यांनी कपाटातून फाइल काढली. २००१ चा फॉर्म, ती क्लासला आली तेव्हाचा. ‘शिकण्याचं कारण’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘स्वसंरक्षण’. अक्षर सरांचं. पालक सही करत असताना हा रकाना सरच भरून टाकायचे. मुलगी असली की स्वसंरक्षण, मुलगा असला की स्पर्धा. विचारत बसलं तर वेळ जायचा.

“मला कोणी विचारलंच नाही,” सुरुची म्हणाली. “मला जिंकायचं होतं, सर. पहिल्या दिवसापासून.”

यादीतला अभिनव शेजारीच उभा होता. “आणि मी स्कूलबसमध्ये मार खायचो म्हणून आलो. माझ्या जागी हिला पाठवा ना सर.”

“मुलींचा गट वेगळा असतो रे.”

सरांनी आयोजकांना फोन लावला. “कालच लढतींचे ड्रॉ पडले, काशीनाथ,” पलीकडून उत्तर आलं. “आता एकही नाव घेता येणार नाही.”

“पुढच्या वर्षी नक्की,” सर तिला म्हणाले.

“पुढच्या वर्षी मी अठराची. या वयोगटात बसणार नाही. आणि बारावी झाली की क्लास बंद, असं बाबा म्हणतायत.”

“मग आज अभिनवशी लढ. पूर्ण नियमांनी. मी पंच.”

“त्यात काय, सर? इथे तर मी रोजच जिंकते.”

“ए, रोज नाही हां,” अभिनव म्हणाला.

रविवारी भाईंदरला अभिनव पहिल्याच फेरीत हरला. सुरुची त्याच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आली होती. दुपारी मुलींची अंतिम लढत लागली. सर बाकावर सुरुचीच्या शेजारी जाऊन बसले.

समोर एका मुलीनं हल्ल्यासाठी पाऊल उचललं आणि बाकाखाली सुरुचीची उजवी टाच फरशीवरून सुटली. तिनं ती परत टेकवली. पुढच्या हल्ल्याला पुन्हा सुटली.