चिखलदऱ्याची शाखा

अकोल्याच्या कॉलेजातला जुना सर्व्हर त्या आठवड्यात कायमचा बंद व्हायचा होता. संस्थेच्या अमरावती, अकोला, अचलपूर इथल्या सगळ्या माणसांची नोंद त्याच्यावर होती; ती आता नव्या जागी हलवली होती. हजेरीचं यंत्र, ग्रंथालय, प्रिंटर असे जे जे त्या नोंदवहीत माणसं शोधत, त्यांच्या पोटात तिचा वेबपत्ता लिहिलेला असे. ते जुने पत्ते उकलून बघायचे आणि नवे बांधायचे, हे काम रागिणीकडे आलं.

काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा आणि पुढे पत्ता चिकटवायचा. की ओळीओळीनं उत्तर येई: सर्व्हर कोणता, कुठल्या शाखेत शोधायचं, किती खोल जायचं, कोणाला शोधायचं. तेच तुकडे सुटे दिले तर हुकूम त्यांचा पत्ता जोडून देई. नोकरीला लागली तेव्हा अमरावतीच्या ऑफिसात नियाजभाईंनी तिला हे शिकवलं होतं. "पत्ता हातानं लिवू नको," ते म्हणत. "तू तुकडे दे, जोडाचं काम त्याचं."

ग्रंथालयाच्या जुन्या प्रोग्राममध्ये तिला एक लांबलचक पत्ता सापडला. नुसती टक्क्याची चिन्हं आणि आकडे. असा पत्ता म्हणजे आत मराठी अक्षरं, हे तिला ठाऊक होतं. तिनं तो उकलला. शाखेच्या ओळीत आलं: चिखलदरा.

संस्थेचं चिखलदऱ्याला कधी काहीच नव्हतं. रागिणी पडद्याकडे बघत राहिली, आणि मग तिला अमरावतीच्या ऑफिसातला सहकारी कुलदीप आठवला.

मराठी नावं पत्त्यात चालतात का, हे बघायला त्यानंच ही खोटी शाखा काढली होती. नियाजभाई, रागिणी आणि तो स्वतः अशा तिघांची नावं त्यात घातली होती. स्वतःच्या हुद्द्यापुढे 'मुख्य कॉफी अधिकारी' असं लिहिलं होतं. पहिल्याच फटक्यात शोध लागला, तेव्हा तो म्हणाला, "शाखा उघडली, आता पाहणी कराले नको?" आणि मित्राची जीप मागून तो दोघांना खरंच चिखलदऱ्याला घेऊन गेला. धुक्यानं दरी दिसलीच नाही. तिघं टपरीवर कॉफी पीत बसले, आणि नियाजभाईंनी कधी नव्हे ती गाणी म्हटली.

कुलदीप कोरोनात गेला. रागिणीला शेवटचं तोंडही बघता आलं नव्हतं.

तिनं नियाजभाईंना फोन लावला. ते निवृत्त होऊन अमरावतीतच राहत होते.

"अजून हाये ते?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "काढू नको. मी येतो."

दुसऱ्या दिवशी एसटीनं ते आले. खुर्चीत बसले, चष्मा पुसला. "मले बांधू दे पत्ता."

त्यांनी तुकडे दिले, पण कुलदीपचं नाव ज्या कंसात होतं त्याला अवतरणचिन्ह लावायचं विसरले. पडद्यानं चूक दाखवली.

"बोटं बुढी झाली," ते हसले. रागिणीनं चिन्हं घातली. पत्ता जुळला, शोध लागला, आणि कुलदीपची नोंद समोर उभी राहिली.

"नव्या सर्व्हरवर घेऊन जाऊ का याले?" तिनं विचारलं.

"कोणाले दाखवाले?" नियाजभाई म्हणाले. "त्याच्या मायले भेटली का तू?"

रागिणीनं मान खाली घातली. "हिंमतच नाही झाली."

"माहीबी नाही झाली. इतकी वर्सं झाली." ते उठले. "मिटव बेटा. अन् रविवारी चांदूर बाजारले जाऊ."

तिनं शाखा पुसली.

रविवारी कुलदीपच्या आईनं, गोदाबाईंनी, दार उघडलं. त्यांनी नियाजभाईंना लगेच ओळखलं. रागिणीला जवळ घेऊन त्या नुसत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काहून आले नाही, असं त्यांनी विचारलं नाही. चहा झाल्यावर म्हणाल्या, "तो तिथं काय काम करे, मले कधीच समजलं नाही. तुमी तरी सांगा."

नियाजभाईंनी कप खाली ठेवला. "कोनी मानूस शोधून राहिला, तं त्याले बरोबर त्या मानसापाशी पोचवाचं. असं काम होतं, माय."

"मंग बरं होतं," गोदाबाई म्हणाल्या. लहानपणी पाहुणे स्टँडवर उतरले की कुलदीप त्यांना घरापर्यंत कसा आणून सोडे, आणि एकदा तर भलत्याच गावच्या पाहुण्यांना कसा घेऊन आला, ते त्या सांगू लागल्या. त्या पाहुण्यांनी जेवूनही घेतलं होतं म्हणे. रागिणी डोळे पुसत हसत होती. बोलता बोलता परतीची गाडी निघून गेली, तर गोदाबाईंनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं.